बिल्ल्याची गाठ

१

दुपारी साडेबाराला बटण बालवर्गातून घरी आली की सगळं ठरलेल्या क्रमाने व्हायचं. बूट उंबऱ्याबाहेर, पत्र्याच्या ताटात. कोट उलटा करून पिशवीत. मग हात कोपरापर्यंत, मग तोंड, मग ओल्या फडक्याने केस, आणि ते फडकं लगेच झाकणाच्या बादलीत. तोवर बटण एका पायावर उभी राहून बालवर्गातल्या बातम्या सांगायची. त्यात कुणीतरी कुणालातरी चावलेलं असायचंच. मग डब्यातल्या पावडरीचं दूध, कारण गाईचं दूध आता लहान मुलांना कुणी देत नसे. मग झोप.

बटण साडेचार वर्षांची होती. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि आई कपडे शिवणारी, म्हणून बाबांनी पहिल्याच दिवशी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

झोपायच्या आधी शेवटचं काम बिल्ल्याचं. डोंगरापलीकडच्या अणुभट्टीत अपघात झाला, आकाशातून ती न दिसणारी धूळ शहरावर उतरली, तेव्हापासून सात वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात हा करडा बिल्ला असे. आगपेटीपेक्षा लहान, मागे काचेची बारीक पट्टी. मुलाच्या अंगावर किती किरणं पडली ते ती पट्टी लक्षात ठेवते, असं मापनबाईंनी सांगितलं होतं. मापनबाई म्हणजे आरोग्य कचेरीतल्या बाई. महिन्याच्या शेवटी त्या जुना बिल्ला घेऊन नवा द्यायच्या आणि दहा दिवसांनी पत्र यायचं. पांढरं पत्र म्हणजे ठीक. गुलाबी म्हणजे आकडा वर गेला. लागोपाठ दोन गुलाबी पत्रं आली, तर मुलाला दोन दिवसांच्या प्रवासाइतक्या लांबच्या बालनिवासात एक वर्ष ठेवायचं. आईबापांना सोबत जाता येत नसे.

झोपेत फीत गळ्याला आवळू नये म्हणून आई बिल्ला काढून पलंगाच्या दांड्याला बांधायची. एकेरी सुरगाठ. एक टोक ओढलं की सुटते अशी.

मागच्या महिन्याचं पत्र गुलाबी आलं होतं.

२

ते पत्र बाबांच्याच छापखान्यात छापलेलं होतं. आरोग्य कचेरीचे सगळे कागद तिथेच छापत, पांढऱ्या आणि गुलाबी गठ्ठ्यांत. बाबा म्हणाले, मी छापलेलं पत्र मलाच आलं, निदान टपालखर्च तरी कचेरीने माझ्याकडून घ्यायला नको. आई हसली नाही. तेही हसले नव्हते.

त्यानंतर दोघांनी घर उलटंपालटं केलं. बाबांनी छप्पर धुतलं, पन्हळी खरवडल्या, अंगणातली वीतभर माती काढून पोत्यांत भरली. वाळूचा खोका गेला. बाहेर पडून राहिलेली रबरी मगर गेली, तेव्हा बटणने दोन तास अन्नत्याग केला. आईने खिडक्यांच्या फटींना ओले बोळे लावले. किरणं मोजायचं यंत्र गल्लीत पाळीपाळीने फिरत असे. जवळ धोका असला की ते टकटक करतं म्हणून बटण त्याला टकटक्या म्हणायची. आपल्या पाळीला त्यांनी ते छपरावर धरलं, मोरीजवळ धरलं, बुटांच्या तळव्यांना लावलं, बटणच्या केसांतून फिरवलं. अधूनमधून एखादी टक, जशी सगळीकडेच येते तशी. बाकी काही नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. आम्हीही हाच जिना वापरतो बाई, एवढंच त्या म्हणाल्या. पण असं म्हणाल्या, की आईने त्याच दिवशी जिनाही पुसून काढला. खालपासून वरपर्यंत, तिसाव्या पायरीपर्यंत.

दुसरा महिना सुरू झाला. बुधवारी दुपारी बटण झोपेतून उठली, आईने दांड्यावरचा बिल्ला सोडायला हात घातला आणि तो सुटेना.

गाठ तिची नव्हती. दोन पाकळ्यांची होती, नीट ओढून बसवलेली, आणि डाव्या अंगाला वळलेली. आई वीस वर्षं शिवत होती. कुणी टीप घातली, कुणी काज केलं, हे तिला न विचारता कळायचं. गाठीवरूनही हात ओळखता येतो. हा हात डावखुरा होता.

तिच्या घरात कुणीच डावखुरं नव्हतं.

३

आपणच घाईत बांधली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. बाबा सकाळी सातला जायचे ते पाचला यायचे, म्हणजे ते नाहीत. बटणला तर अजून बुटाची नाडीही बांधता येत नव्हती. ती दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवायची आणि आशेने बघत राहायची.

दुसऱ्या दिवशी आईने बिल्ला बांधला आणि गाठीतून एक टाचणी आरपार घातली. शिवणकामात दोन पदर हलू नयेत म्हणून घालतात तशी, तिरकी. मग बाहेरच्या खोलीत जाऊन मशीनवर बसली. दोन खोल्यांमधलं दार उघडंच असायचं. मशीनवरून पलंगाचं पायथ्याचं टोक आणि बटणची पावलं दिसायची. डोक्याकडचा दांडा दिसत नसे.

पाऊण तास तिने एका कोटाचं अस्तर लावलं. पावलं जागची हलली नाहीत. ती आत गेली तेव्हा टाचणी खिडकीच्या कठड्यावर होती, टोक भिंतीकडे करून ठेवलेली, लहान मुलं असलेल्या घरात ठेवावी तशी. गाठ दोन पाकळ्यांची होती.

आई पलंगावर बसली. काहीतरी कारण असेलच, असं ती मनाशी म्हणत होती. गुलाबी पत्र आल्यापासून तिला धड झोप नव्हती. दमलेला माणूस एखादी गोष्ट करतो आणि विसरतो. मागच्या आठवड्यात तिने एका बाईच्या झग्याला दोन डाव्या बाह्या लावल्या होत्या. मग टाचणीही तिनेच काढली असेल.

पण त्या बाह्या उसवताना आपण त्या लावल्याचं तिला आठवलं होतं. टाचणी काढल्याचं काही केल्या आठवेना.

४

मशीन चालू असलं की घरातलं दुसरं काही ऐकू येत नाही, हे तिच्या लक्षात आलं ते शनिवारी. ती मध्येच थांबली, दोरा ओवायला. आतून एक आवाज आला आणि मशीन थांबल्यावर क्षणभराने तोही थांबला. भिंतीला बोट घासत कुणी चाललं की येतो तसा. खालच्या अंगाला, कमरेच्याही खाली.

तिने पुन्हा मशीनचं पायडल हलवलं, पण सुईखाली कापड नव्हतं. मशीन नुसतंच चालत होतं आणि ती ऐकत होती. घासल्याचा आवाज परत सुरू झाला. पलंगाकडून निघाला आणि दूर गेला.

ती उठली, अनवाणी आत गेली. बटण गाढ झोपली होती, गालाखाली दोन्ही हात घेऊन. दांड्यावर काहीच नव्हतं. फीत नाही, बिल्ला नाही.

तिने पलंगाखाली पाहिलं, उशी उचलली, बटणच्या मुठी हळूच उघडून पाहिल्या. पडला असेल, बाहेर राहिला असेल, म्हणून ती बाहेरच्या खोलीत आली, कोटाचे खिसे चाचपले, ताटातले बूट झटकले. सगळं मिळून दोन मिनिटं गेली असतील.

परत आत आली तर बिल्ला दांड्याला होता. किंचित हलत होता.

तिने तो हातात घेतला. बटण झोपल्यापासून त्याला कुणाचाही हात लागला नव्हता, असं तिची अक्कल सांगत होती. बिल्ल्यावर बारीक धूळ होती, आणि ती बोटावर घेऊन पाहिली तर कोरडी, पिवळसर, खूप जुनी वाटत होती. त्या घरात आता धुळीचा कण सापडणं मुश्कील होतं. रोज ती स्वतः पुसत होती.

५

विचारायचं धाडस तिला सोमवारी झालं, बटणचे हात धुताना. सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दुपारी बिल्ला कोण घेतं ग?"

"ती," बटण म्हणाली. "परत पण देते."

"ती कोण?"

"जिन्याखालची." बटणने फेसाचा फुगा करायचा प्रयत्न केला, तो फुटला. "तिच्याकडे नाहीये ना बिल्ला. सगळ्यांकडे आहे."

आईने नळ बंद केला. या वयाच्या मुलांना असे सोबती असतात हे तिला माहीत होतं. तिच्या स्वतःच्या धाकट्या बहिणीचा एक अदृश्य बोकड होता आणि तो घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त हट्टी होता. सोबतिणीचं तिला काही वाटलं नसतं. पण बटण त्या जिन्याखालच्या जागेत कधीच जात नसे, हे तिला त्या क्षणी उमगलं. चेंडू तिकडे गेला तरी ती आईला हाक मारायची.

"तू जातेस का तिच्याकडे?"

"नाही. ती म्हणते, तू येऊ नकोस."

६

आतल्या खोलीत, पलंगाच्या अगदी समोरच्या भिंतीला, एक बुटकं दार होतं. त्याच्यामागे जिन्याखालची जागा. झाडू, दोन जुन्या बॅगा, न लागणारी कापडं. मागची बाजू घरमालकाने कधीकाळी फळ्या ठोकून बंद केलेली.

बाबा पाचला आले. आरोग्य कचेरीने पुढच्या महिन्यासाठी गुलाबी कागद दुप्पट मागवला होता, आणि दिवसभर त्यांनी तो स्वतःच्या हाताने कापला होता. आईने त्यांना सगळं सांगितलं. गाठ, टाचणी, आवाज, धूळ, आणि बटणची ती जिन्याखालची. सांगताना तिला स्वतःलाच ते ऐकवेना. वेड लागलं म्हणतील, असं तिला वाटलं. पण बाबांनी फक्त एकच विचारलं.

"आपण टकटक्या तिथे धरला होता का?"

धरला नव्हता. छप्पर, अंगण, बूट, केस. जे जे वरून पडतं आणि बाहेरून येतं, ते सगळं त्यांनी मोजलं होतं. घराच्या आतल्या भिंतीला यंत्र लावावं, हे गल्लीत कुणालाच सुचलं नव्हतं.

त्या दिवशी यंत्राची पाळी काकूंची होती. आई वर गेली. काकूंनी दारातच तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आपली पाळी संपायला अजून तास आहे असं बजावून यंत्र हातात ठेवलं. मग तिचा चेहरा पाहून म्हणाल्या, पोरीला वर आणून सोड, मी बघते.

बाबांनी बॅगा बाहेर काढल्या आणि यंत्र घेऊन आत वाकले. टक. बऱ्याच वेळाने, टक. त्यांनी ते फळ्यांच्या जवळ नेलं. टक, टक टक. मग जमिनीपासून हळूहळू वर घेतलं, आणि एका उंचीवर ते असं सुटलं, जणू भरधाव मशीनवर कुणी पाय दाबून धरला. आणखी वर नेलं तर कमी झालं. खाली आणलं तर कमी झालं.

आईने ती उंची डोळ्यांनीच मापली. सवयच होती ती. बटणच्या खांद्याइतकी.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मापनबाई आल्या, सोबत पांढरे झगे घातलेली दोन माणसं. बटण काकूंकडेच झोपली होती आणि नाश्त्याला उठून काकूंवरच हुकूम चालवत होती. आईला दाराबाहेर उभं राहायला सांगितलं. तिथून बुटक्या दारातून आतलं दिसत होतं.

फळ्यांचे खिळे गंजून लाकडात एकजीव झाले होते. एकेक उपटताना करकरत होते. मागे एक चिंचोळी खोली निघाली, जेमतेम दोन माणसं बसतील एवढी. एक बैठं मेज. मेजावर घड्याळांच्या तबकड्या, आकडे नसलेल्या. बारीक कुंचले, केसाइतके. आणि तळाशी पिवळा थर वाळून बसलेली एक बाटली.

मापनबाई पटकन बाहेर आल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. अंधारात चमकणारे आकडे रंगवायचा जुना रंग आहे, म्हणाल्या, फार जुना, भट्टीशी याचा काही संबंध नाही. कुणी बाई इथे बसून घरच्या घरी हे काम करत असेल. त्यातून किरणं निघतात हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी बाटलीशेजारच्या धुळीकडे बोट दाखवलं. धुळीत एक लहान चौकोन स्वच्छ उमटला होता, बिल्ल्याच्या मापाचा, बाटलीला अगदी टेकून.

"तुमचा बिल्ला रोज इथे ठेवला जात होता," त्या म्हणाल्या. "आकडा त्याचा आहे. मुलीचा नाही. पोरं कुठल्या फटीतून काय सारतील, सांगता येत नाही."

आई उंबऱ्यावरच बसली. मुलीचा नाही, मुलीचा नाही, हे दोनच शब्द तिच्या डोक्यात घुमत होते आणि दुसरं काही तिला ऐकू येत नव्हतं.

पण डोळे मापत होते. फळ्यांमध्ये फट एकच होती, दोन बोटांची. फटीपासून बाटली हातभर लांब, मोठ्या माणसाच्या हातभर. बटणच्या बाहीचं माप तिला पाठ होतं, खांद्यापासून मनगटापर्यंत बत्तीस सेंटिमीटर. आणि त्या खोलीतल्या जमिनीवरची धूळ शाबूत होती. पाऊल नाही, खरड नाही. मेजाच्या पायाला मात्र एक विटलेली फीत बांधलेली होती. दोन पाकळ्या, डाव्या अंगाला वळलेल्या.

सगळं पेटीत भरून झाल्यावर एका माणसाने दिवा विझवला. क्षणभर आत काळोख झाला आणि त्या काळोखात भिंतीवर काहीतरी फिकट हिरवं दिसलं. लहान हातांचे ठसे. मेजाच्या वर, बटणच्या खांद्याच्या उंचीला, एका ओळीत, कुणी रंगाने माखलेले हात भिंतीला पुसावेत तसे. आई बघत होती. ओळीतला शेवटचा ठसा विझला. बाकीचे तसेच होते, तो एकच विझला, जसा कुणी त्यावर आपला हात नीट जुळवून ठेवावा. मग तो परत दिसू लागला.

दिवा लागला. रिकामी भिंत होती.

८

बटणला इस्पितळातल्या मोजणीच्या खुर्चीत बसवलं. वीस मिनिटं हलायचं नाही, असं सांगितल्यावर तिने श्वासही धरून ठेवला आणि डॉक्टरांना तिला श्वास घ्यायला विनवावं लागलं. तिच्या अंगात मोजण्यासारखं काहीही नव्हतं. महिन्याचं पत्र गुलाबीच आलं, पण त्यावर आडवी रेघ मारून खाली हाताने लिहिलेलं होतं, की बिल्ला अन्यत्र ठेवलेला होता, बालिका निर्दोष. बाबांनी ते तीनदा वाचलं. निर्दोष काय, म्हणाले, कोर्टात उभी होती का आमची पोर, आणि शाईने काळे झालेले हात त्यांनी तोंडावर दाबून धरले. हात काढले तेव्हा गालांवर दोन काळे पट्टे होते. बटण इतकी हसली, की तिला उचकी लागली.

घर साफ होईपर्यंत ते काकूंकडेच राहिले. जायच्या दिवशी काकू म्हणाल्या, घर आता सुनं सुनं वाटेल, आणि पोरीने माझ्या चार कपबशा फोडल्या तेही मोजून ठेवलंय. चिंचोळी खोली खरवडून विटांनी बंद केली होती. पुढचं पत्र पांढरं आलं. त्याच्या पुढचंही.

मग एका सकाळी बालवर्गाला निघताना बटण उंबऱ्यावर बसली आणि आईची वाट न बघता तिने बुटाची नाडी बांधली. दोन पाकळ्या, डाव्या अंगाला.

आईने हातातली पिशवी खाली ठेवली. "कुणी शिकवलं?"

"तिने. जाताना." बटणची जीभ दातांत होती, दुसरा बूट चालू होता. "म्हणाली, आता तुझं तूच बांध."

आई तिच्याशेजारी बसली. विचारू की नको, असं तिला झालं होतं. शेवटी तिने विचारलं, की तिला तो बिल्ला कशाला हवा असायचा.

"तिच्या आईला कळलंच नव्हतं ना," बटण म्हणाली. "तुला पत्र येतं."

तिने गाठ ओढून बसवली, पाय आपटून पाहिला आणि उठली. उशीर झाला म्हणून तिने आईलाच दटावलं.

त्या दुपारी बटण झोपल्यावर आईने बिल्ला हातात घेतला. मग समोरच्या बुटक्या दाराकडे पाहत तिने फीत दांड्याला बांधली, दोन पाकळ्या काढून, डाव्या अंगाला वळवून. उजव्या हाताने ती गाठ घालायला कठीण गेली. दोनदा सोडवून पुन्हा बांधावी लागली.

मग ती मशीनवर जाऊन बसली. मध्ये दोनदा थांबून तिने कानोसा घेतला. आत फक्त बटण घोरत होती, नाक चोंदल्यावर घोरते तशी.

तासाभराने ती आत गेली. गाठ तिने बांधली होती तशीच होती.